तिरळेपणाच्या ऑपरेशनचा निकाल आधी सांगता येतो का?

नेत्रविभागात डेटा मागायला गेलं की बऱ्याचदा एक एक्सेल फाईल हातात पडते. तिरळेपणाचं ऑपरेशन झालेली शे-दीडशे मुलं, प्रत्येकाचं वय, चष्म्याचा नंबर, ऑपरेशनआधीचा कोन, कुठला स्नायू किती मिलिमीटर सरकवला, आणि सगळ्यात शेवटी 'रिझल्ट' नावाचा कॉलम: गुड किंवा पूअर. अशी फाईल बघितली की हात शिवशिवतात. लॉजिस्टिक रिग्रेशन लावू, रँडम फॉरेस्ट लावू, एखादा पेपर नक्की होईल, असं वाटतं. रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या ज्युनिअर्सकडून हा विषय मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

विषय चांगला आहे यात वाद नाही. लहान मुलांमध्ये हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करावं लागतं. आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "डोळा सरळ होईल ना?" आणि दुसरा, "परत तर करावं लागणार नाही ना?" या दुसऱ्या प्रश्नाला 'त्या' मुलापुरतं उत्तर देता आलं तर त्याची किंमत मोठी आहे. पण मॉडेल निवडायच्या आधी या फाईलमधले आकडे कुठून येतात ते बघायला हवं. खरी अडचण तिथे आहे, आणि ती समजली नाही तर पीएचडीची दोन वर्षं सहज वाया जातात.

आधी थोडं डोळ्याबद्दल. प्रत्येक डोळा सहा स्नायू हलवतात. आडव्या तिरळेपणात त्यातले दोन महत्त्वाचे: नाकाच्या बाजूचा मीडियल रेक्टस आणि कानाच्या बाजूचा लॅटरल रेक्टस. डोळा आत वळला असेल तर एसोट्रोपिया, बाहेर गेला असेल तर एक्झोट्रोपिया. ऑपरेशन म्हणजे ढोबळमानाने दोनच गोष्टी. स्नायू जिथे चिकटलेला आहे तिथून सोडवून मागे शिवला की त्याची ओढ कमी होते, हे रिसेशन. त्याचा तुकडा काढून आखूड केला की ओढ वाढते, हे रिसेक्शन. डोळा किती वळलाय ते प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात. एक मीटर अंतरावर प्रकाशकिरण एक सेंटिमीटर सरकवणारं भिंग म्हणजे एक प्रिझम डायॉप्टर, साधारण अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. पुढे मी नुसतं 'प्रिझम' म्हणेन.

मग किती प्रिझमला किती मिलिमीटर? यासाठी टेबलं आहेत. अमेरिकन बालनेत्रतज्ज्ञ मार्शल पार्क्स यांच्या नावाचं टेबल जगभर वापरतात. आत वळलेल्या डोळ्यांसाठी दोन्ही बाजूंचे मीडियल रेक्टस मागे सरकवायचे असतील तर १५ प्रिझमला प्रत्येकी ३ मिमी, २० ला ३.५, ३० ला ४.५, ४० ला ५.५. म्हणजे दर ५ प्रिझमला अर्धा मिलिमीटर. हे टेबल लक्षात ठेवा, आता लागणार आहे.

आर-स्क्वेअर ०.८ आला, म्हणजे काय झालं?

समजा तुम्ही ठरवलं की 'ऑपरेशनने किती प्रिझम सुधारणा झाली' हा निकाल धरायचा. सुधारणा म्हणजे आधीचा कोन वजा नंतरचा कोन. भाकीत करणारं चल म्हणून आधीचा कोन टाकला. रिग्रेशन चालवलं आणि आर-स्क्वेअर आला ०.८. ऐंशी टक्के फरक मॉडेलने समजावून सांगितला! गाईडला मेल पाठवण्याआधी जरा थांबा.

कागदावर एक हिशोब करू. हे आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा ऑपरेशनआधीच्या कोनांचं स्टँडर्ड डेव्हिएशन १२ प्रिझम आहे. ऑपरेशननंतर मुलं शून्याच्या आसपास येतात, काही थोडी आत, काही थोडी बाहेर, आणि त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६. आता असंही धरू की नंतरचा कोन आधीच्या कोनाशी अजिबात संबंधित नाही, म्हणजे कोणाचं ऑपरेशन फसणार हे आधीच्या कोनावरून मुळीच सांगता येत नाही. सुधारणेचं व्हेरियन्स होईल १४४ अधिक ३६, म्हणजे १८०. त्यातले १४४ आधीच्या कोनामुळे. १४४ भागिले १८० बरोबर ०.८.

म्हणजे ज्या जगात भाकीत करणं शून्य शक्य आहे, त्याच जगात तुमचा आर-स्क्वेअर ०.८ येतो. कारण सोपं आहे: 'सुधारणा' या आकड्याच्या पोटातच आधीचा कोन आहे. तीच गोष्ट समीकरणाच्या दोन्ही बाजूंना टाकल्यावर ती जुळणारच. संख्याशास्त्रात याला मॅथेमॅटिकल कपलिंग म्हणतात. ज्याचा डोळा ५० प्रिझम वळलाय त्याची सुधारणा ५० च्या आसपास आणि ज्याचा २० वळलाय त्याची २० च्या आसपास होणार, हे कळायला मॉडेल कशाला हवं? पालकांनी विचारलेला प्रश्न तो नाहीच. त्यांना उरलेला कोन किती असेल ते हवंय. म्हणून निकाल म्हणून नंतरचा कोन घ्या. आर-स्क्वेअर धाडकन खाली येईल. येऊ द्या.

याचाच भाऊ म्हणजे मिलिमीटरचा कॉलम. कितीतरी मॉडेल्समध्ये 'सर्जिकल डोस' हे फार प्रभावी चल म्हणून समोर येतं. पण डोस ठरवला कसा? सर्जनने कोन मोजला आणि टेबलात बघितलं. म्हणजे डोस हा कोनाचाच दुसरा चेहरा. दोन्ही चलं एकत्र टाकली की ती एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की कोणाचा परिणाम किती हे वेगळं करता येत नाही. फार तर तुमचं मॉडेल सर्जनच्या भिंतीवर लावलेलं टेबल परत शिकून दाखवतं. 'डोस वाढवला तर निकाल सुधारेल का' हा प्रश्न अशा फाईलवरून सुटत नाही. तो कार्यकारणाचा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी रचना लागते. प्रपोजलमध्ये 'प्रेडिक्शन' आणि 'इफेक्ट' हे दोन शब्द एकाच वाक्यात आले तर ते वाक्य परत वाचा.

कोन मोजताना काय होतं

आता मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

कोन मोजतात तो मुलाला दूरचं किंवा जवळचं चित्र बघायला लावून. एका डोळ्यापुढे प्रिझम धरायचं, दोन्ही डोळे आलटून-पालटून झाकायचे, आणि डोळ्याची हालचाल थांबेपर्यंत प्रिझम बदलत जायचं. समोर तीन वर्षांचं, कंटाळलेलं, आईच्या मांडीवर चुळबुळ करणारं मूल असतं. चित्राकडे बघ म्हटलं की ते डॉक्टरांच्या नाकाकडे बघतं. अशा परिस्थितीत मोजमाप किती पक्कं असणार?

याचं उत्तर आपल्याकडे आहे. अमेरिकेतल्या पेडिग या बालनेत्ररोग संशोधन गटाने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. एसोट्रोपिया असलेल्या मुलांचा कोन दोन अनुभवी तपासनिसांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजला. २० प्रिझमपेक्षा मोठ्या कोनांसाठी एका मोजमापाची ९५ टक्के मर्यादा साधारण ७ ते ८ प्रिझम वर-खाली निघाली. १० ते २० प्रिझमच्या कोनांसाठी साधारण ४. त्यांचा निष्कर्ष असा: मोठ्या कोनांत दोन मोजमापांत १२ प्रिझमपेक्षा कमी फरक असेल तर तो नुसता मोजण्यातला फरकही असू शकतो.

आता पार्क्स यांच्या टेबलाकडे परत या. ८ प्रिझमचा फरक म्हणजे दोन्ही स्नायूंवर प्रत्येकी ०.८ मिमी. सर्जन कॅलिपर लावून अर्ध्या मिलिमीटरचा विचार करतोय, आणि ज्या आकड्यावरून तो मिलिमीटर आला तोच त्याहून जास्त हलतोय.

वरच्या हिशोबात हे घालून बघू. नंतरच्या कोनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६ धरलं होतं, म्हणजे व्हेरियन्स ३६. ऑपरेशनआधीच्या मोजमापातली चूक: ८ प्रिझमची ९५ टक्के मर्यादा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ४, व्हेरियन्स १६. ही चूक डोसमध्ये शिरते. मुलाचा खरा कोन ३० असताना ३८ मोजला गेला, तर ३८ चं ऑपरेशन होतं आणि डोळा ८ प्रिझम उलट बाजूला जातो. ऑपरेशननंतरचा कोन छोटा असतो, पण तोही मोजावाच लागतो. तिथली चूक साधारण २ प्रिझम धरली तर आणखी ४-५. बेरीज झाली २१ च्या आसपास. ३६ पैकी २१ नुसत्या मोजमापाचे! उरले १५. म्हणजे वय, चष्म्याचा नंबर, आळशी डोळा, जन्मापासूनचा तिरळेपणा की नंतरचा, डोळ्याची लांबी, सगळं सगळं अचूक टाकलं तरी आर-स्क्वेअर ०.४ च्या वर जायला जागाच नाही. हा हिशोब ढोबळ आहे, ६ च्या जागी दुसरा आकडा धरला तर उत्तर बदलेल. पण हे छत तुमच्या अल्गोरिदमने ठरवलेलं नाही. न्यूरल नेटवर्क आणलं तरी ते वर सरकणार नाही.

मात्र कोन दोनदा, वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी घेतली तर १६ चे ८ होतात. एक जास्तीची ओपीडी भेट. माझं स्पष्ट मत आहे की या विषयात प्रॉस्पेक्टिव्ह काम करायची संधी मिळाली तर पहिला खर्च याच्यावर करावा.

आणखी एक खाचखळगा. 'ऑपरेशनआधीचा कोन' म्हणजे कुठला कोन? चष्म्याने आत वळणारा डोळा बऱ्याच अंशी सरळ होत असेल तर ऑपरेशन फक्त उरलेल्या कोनासाठी करतात. मग फाईलमधला आकडा चष्म्यासह आहे की चष्म्याविना? अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्यात तर सकाळी आणि संध्याकाळी, ताजंतवानं असताना आणि दमलेलं असताना कोन वेगळा येतो. काही सर्जन एक डोळा काही वेळ पट्टीने झाकून मग मोजतात, खिडकीतून लांबवर बघायला लावतात, आणि मिळेल तो सगळ्यात मोठा कोन धरतात. त्यात गैर काही नाही. पण एकाच कॉलममध्ये तीन प्रकारचे कोन मिसळले असतील तर ते तुम्हाला माहीत हवं. मिलिमीटरचंही तेच: काही जण स्नायू जिथे चिकटतो तिथून मोजतात, काही जण बुबुळाच्या कडेपासून. सर्जनशी अर्धा तास बोलल्याशिवाय फाईल उघडू नये.

'गुड' कोणाचं?

शेवटच्या कॉलमकडे येऊ. पुष्कळ पेपरांत यशाची व्याख्या असते: डोळा १० प्रिझमच्या आत सरळ. ९ आला तर पास, ११ आला तर नापास. मोजमापच ४ प्रिझम वर-खाली होत असताना या रेषेवरची मुलं नाणेफेक केल्यासारखी इकडून तिकडे जातात. म्हणून शक्य असेल तिथे कोन आहे तसा ठेवा, त्याचे दोन तुकडे करू नका.

पण नुसता कोन हा पूर्ण निकालही नाही. युरोपात एलिस नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २००५ मध्ये आले. लहान बाळांच्या आत वळलेल्या डोळ्यांचं ऑपरेशन लवकर करावं, ६ ते २४ महिन्यांत, की उशिरा, ३२ ते ६० महिन्यांत? मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. त्रिमिती दिसते का हे बघायला एक मजेशीर चाचणी आहे. खास चष्मा घालून माशीचं मोठं चित्र दाखवतात आणि तिचे पंख पकडायला सांगतात. ज्याला त्रिमिती दिसते तो चित्राच्या वर, हवेत चिमूट धरतो. लवकर ऑपरेशनच्या गटात १३.५ टक्के मुलांना माशी ओळखता आली, उशिराच्या गटात ३.९ टक्के. मग लवकर करणं चांगलं? थांबा. उशिराच्या गटातली साधारण २० टक्के मुलं सहा वर्षांपर्यंत ऑपरेशनविनाच राहिली होती, लवकरच्या गटात असं प्रमाण ८ टक्के होतं. थांबल्यामुळे काहींचा कोन आपोआप कमी झाला. शिवाय दुसऱ्यांदा ऑपरेशनचं प्रमाण लवकरच्या गटात २८.७ टक्के, उशिराच्या गटात २४.६.

एकाच अभ्यासात 'निकाल' बदलला की उत्तर बदलतं. आणि तुमच्या फाईलसाठी यात एक वेगळा इशारा आहे. ती ऑपरेशन झालेल्या मुलांची फाईल आहे. वाट बघता बघता ज्यांचा डोळा सुधारला ती मुलं त्यात नाहीतच. त्यामुळे 'ऑपरेशनच्या वेळचं वय' हे चल तुमच्या मॉडेलमध्ये जे काही सांगेल ते गाळून आलेल्या मुलांबद्दल असेल. शिवाय एलिसमध्ये चिठ्ठ्या टाकून गट केले नव्हते, लवकर की उशिरा हे केंद्रांनी आधीच आपापलं ठरवलं होतं, हेही ध्यानात असू द्या.

दुसरं उदाहरण पेडिगचंच, २०१९ चं. अधूनमधून बाहेर जाणारा डोळा असलेली ३ ते १० वर्षांची १९७ मुलं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांचे दोन्ही डोळ्यांचे लॅटरल रेक्टस मागे सरकवले, बाकीच्यांच्या एकाच डोळ्यावर रिसेशन आणि रिसेक्शन केलं. तीन वर्षांत समाधानकारक निकाल न मिळण्याची शक्यता पहिल्या गटात ४६ टक्के, दुसऱ्यात ३७. फरक ९ टक्क्यांचा, पण त्याचा ९५ टक्के पट्टा उणे ६ ते अधिक २३, म्हणजे एक पद्धत सरस असं म्हणता येत नाही. इतके मोठे अपयशाचे आकडे बघून दचकायला होतं. पण त्यांची व्याख्या बघा: डोळा १० प्रिझम किंवा जास्त बाहेर, किंवा ६ प्रिझम किंवा जास्त कायम आत, किंवा त्रिमिती दृष्टी ठरावीक पायऱ्यांनी घटली. आणि हे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कुठल्याही एका तपासणीत आढळलं तरी अपयश. कोन मोजणाऱ्याला ऑपरेशन कुठलं झालं ते माहीत नव्हतं. आपल्या फाईलमध्ये सर्जन स्वतःच, सहा आठवड्यांनी, स्वतःच्या हाताने 'गुड' लिहितो. या दोन आकड्यांची तुलना करून 'आमच्याकडे निकाल चांगले' असं लिहू नये.

सहा आठवडे की तीन वर्षं हा फरक किरकोळ नाही. बाहेर जाणारा डोळा ऑपरेशननंतर हळूहळू परत बाहेर सरकण्याकडे कल असतो. फाईलमध्ये कुणाची शेवटची भेट दोन महिन्यांची, कुणाची चार वर्षांची असेल, तर 'शेवटच्या भेटीतला निकाल' हा एक निकाल नव्हेच. लांबच्या गावाहून येणारं कुटुंब डोळा सरळ दिसला की येणं थांबवतं, किंवा तिकिटाचे पैसे नाहीत म्हणूनही थांबवतं. कोण का आलं नाही हे कळवायला कुणी येत नाही. एक ठरावीक मुदत धरा, समजा एक वर्ष, आणि जी मुलं तिथपर्यंत पोचली नाहीत ती किती आणि कशी वेगळी होती ते सांगा.

बाकीच्या तांत्रिक बाबी थोडक्यात, कारण त्या पुस्तकात मिळतात. भाकीत कोणत्या क्षणी करायचंय ते ठरवा. ऑपरेशनआधी करायचं असेल तर 'दुसऱ्या दिवशीचा कोन' हे चल चालणार नाही, तो त्या क्षणी अस्तित्वातच नसतो. तो टाकून आकडे झकास येतात, म्हणूनच लोक टाकतात. १२० मुलांत ३० अपयशी असतील तर वीस चलं टाकू नका. दर चलामागे दहा घटना हा जुना ठोकताळा धरला तरी तीन होतात, आणि रिचर्ड रायली व सहकाऱ्यांची नमुना-आकाराची नवी सूत्रं बऱ्याचदा त्याहून जास्त मागतात. एका मुलाचे दोन डोळे म्हणजे दोन नमुने नव्हेत. ८० टक्के मुलं यशस्वी असतील तर 'सगळे यशस्वी' म्हणणारं मॉडेलही ८० टक्के अचूक असतं, त्यामुळे अचूकतेऐवजी कॅलिब्रेशन दाखवा: ज्या मुलांना मॉडेलने ३० टक्के धोका सांगितला त्यांच्यातल्या खरंच सुमारे ३० टक्क्यांना त्रास झाला का? लिहिताना ट्रायपॉडची यादी आणि दुसऱ्यांचे पेपर तपासताना प्रोबास्ट, दोन्ही प्रपोजलच्या आधीच वाचून काढा.

मग हा विषय घ्यावा का? घ्यावा, पण फाईल घेऊन थेट मॉडेलकडे न जाता. पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याच विभागात पन्नास-साठ मुलांचे कोन दोन जणांकडून स्वतंत्र मोजून घेतले, तर तुमच्या ओपीडीतलं मोजमाप किती हलतं ते कळेल. एथिक्स कमिटीला हे समजावणं सोपं आहे, जास्तीची भूल नाही, जास्तीचं इंजेक्शन नाही. तो एक आकडा हातात असला की छत किती उंच आहे ते आधीच माहीत असतं. पुढचं मॉडेल मग फक्त आधीचा कोन टाकलेल्या साध्या रिग्रेशनपेक्षा किती सरस आहे ते दाखवा. फारसं सरस निघालं नाही तर तेही तसंच छापा. "या मुलाला परत ऑपरेशन लागू शकतं, शंभरातल्या अमुक मुलांना लागतं, त्यापेक्षा नेमकं आज सांगता येत नाही" हे डॉक्टरांनी पालकांना आकड्यानिशी सांगावं, यासाठीसुद्धा कुणीतरी तो आकडा नीट काढलेला असावा लागतो.